चित्र आलें, पण आवाज कोठें आहे?



आपण या क्षणीं माझा आवाज ऐकत आहां. माझें तोंड मात्र आपणांस दिसत नाहीं. रेडिओचा हा स्वभावच आहे, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. आज मी ज्या गोष्टीविषयीं बोलणार आहें ती याच्या नेमकी उलट आहे. तोंड दिसतें, ओठ हलतात, आणि आवाज भलतीकडेच जातो!

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं असा प्रकार घडला. माझी मुलगी टोरांटोस असते. तिची आठ वर्षांची मुलगी तेथील मराठी मंडळींच्या समारंभांत प्रथमच गाणार होती. तेथील संध्याकाळ म्हणजे आपल्याकडील पहाट. माझ्या आईचें वय शहाऐंशी वर्षांचें. तिला ऐकूं कमी येतें. पण पणतीचें गाणें ऐकावयाचें म्हणून ती आंघोळ उरकून, शाल पांघरून टेलिव्हिजनसमोर येऊन बसली होती. माझ्या पुतण्यानें एक जुना लॅपटॉप लिनक्स ही कार्यप्रणाली घालून पुन्हां कामास लावला होता. तो त्यानें एका तारेनें टेलिव्हिजनला जोडला. मोठ्या पडद्यावर मुलीचें तोंड स्वच्छ दिसूं लागलें. सर्वांना आनंद झाला. मुलगी गाऊं लागली आणि तिचा आवाज आला तो कोपऱ्यांतल्या स्टुलावर ठेवलेल्या लॅपटॉपमधून, डबींत कोंडलेल्या भुंग्यासारखा! आई पुढें वांकून म्हणाली, "पोरीचे ओठ हलताहेत रे, पण गाणें कुठें आहे?"

गाणें चार मिनिटांचें होतें. पुतण्यानें योग्य तें बटण शोधून काढीपर्यंत त्यांतलीं तीन मिनिटें गेलीं, आणि उरलेल्या वेळांत बहुतेक टाळ्याच ऐकूं आल्या. यंत्र बिघडलें नव्हतें. तार तुटलेली नव्हती. टेलिव्हिजनहि धडधाकट होता. मग चूक कोणाची? हा प्रश्न माझ्या मनांत घोळत राहिला. त्याचें उत्तर शोधतांना जें समजलें तें आज आपणांस सांगावयाचें आहे. कारण ज्या घरांत लिनक्सचा संगणक आणि मोठा पडदा एकत्र येतात, तेथें हा प्रसंग केव्हांना केव्हां तरी येण्यासारखा आहे.

पूर्वीं हा प्रश्नच उद्भवत नसे. १९८७ सालीं प्रचारांत आलेल्या व्हीजीए जोडणीच्या तारेंतून केवळ चित्र जाई. पडद्याकडून आवाजहि हवा असेल तर दुसरी तार जोडावी लागे. नको असेल तर ती जोडावयाची नाहीं. निर्णय माणूस आपल्या हातानें करी, आणि तो डोळ्यांना दिसे. डिसेंबर २००२ मध्यें एचडीएमआय या नव्या जोडणीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, आणि चित्र व आवाज एकाच तारेंतून जाऊं लागले. सोय झाली खरी. पण ती दुसरी तार गेली तिच्याबरोबर तो उघड दिसणारा निर्णयहि गेला. आतां तो निर्णय संगणकाच्या पोटांत कोठें तरी व्हावयाचा असतो.

एकाच तारेंतून दोन्ही कसे जातात तें पाहण्यासारखें आहे. चित्र पडद्यावर ओळीओळीनें पाठविलें जातें. शेत नांगरतांना बैल बांधाशीं पोंचले म्हणजे वळून दुसरें तास धरीपर्यंत थोडा वेळ जातो. जुन्या कांचेच्या टेलिव्हिजनमध्यें चित्र काढणाऱ्या विद्युत्कणांच्या झोतालाहि एका ओळीच्या अखेरीहून दुसरीच्या आरंभाकडे परततांना असाच वेळ लागे. आजच्या चपट्या पडद्यांना त्या विश्रांतीची गरज नाहीं; पण ती रीत राहिली आहे. नेहमींच्या मोठ्या चित्रांत एका ओळीवर १९२० ठिपके दिसतात, परंतु वेळ २२०० ठिपक्यांचा धरलेला असतो. ओळी १०८० दिसतात, परंतु मोजल्या जातात ११२५. हें सारें एका सेकंदांत ६० वेळां घडतें. जो वेळ असा मोकळा उरतो, त्यांत आवाजाच्या लहान लहान पुरचुंड्या बांधून पाठविल्या जातात. तेव्हां चित्राच्या तारेंतून आवाज जाणें ही अडचण मुळींच नाहीं. वाट तयार असते. त्या वाटेनें आवाजानें जावें असें कोणी तरी सांगावें लागतें, एवढेंच.

हें सांगणारा कोण, याचा माग काढूं. पहिला प्रश्न असा कीं, पडदा जोडला गेला हें संगणकाला कळतें कसें? एचडीएमआयच्या नेहमींच्या खटक्यांत १९ टोंकें असतात. १८व्या टोंकावरून संगणक पांच व्होल्टचा दाब पडद्याकडे पाठवितो, आणि पडदा १९व्या टोंकावरून 'मी आलों आहें' असा होकार परत देतो. हें झालें दार ठोठावणें. दार ठोठावणारा कोण, हें यानंतर ठरतें. १५व्या व १६व्या टोंकांना जोडलेल्या दोन बारीक तारांवरून संगणक पडद्याचें ओळखपत्र वाचून घेतो. या ओळखपत्राचें पहिलें पान १२८ बाइटांचें असतें. त्यांत पडदा बनविणाऱ्याची तीन अक्षरी खूण, पडद्याचें नांव आणि त्याला कोणकोणत्या मापांचीं चित्रें दाखवितां येतात याची माहिती असते. पुढें तितकेंच जोडपान असतें. त्यांत पडद्याला आवाज घेतां येतो कीं नाहीं, किती वाहिन्यांचा घेतां येतो व कोणत्या गतीनें, हें लिहिलेलें असतें. म्हणजे तार खोंचल्यावर क्षणार्धांत संगणकाला सर्व कांहीं ठाऊक झालेलें असतें. आमच्या घरीं त्या पहाटे हें सारें बिनचूक घडलें असलें पाहिजे. नाहीं तर चित्रहि नीट उमटतें ना.

आतां लिनक्सच्या आंत शिरूं. फिनलंडमधील लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ही प्रणाली लिहावयास आरंभ केला, आणि पुढें जगांतील असंख्य लोकांनीं तिच्यांत भर घातली. तिचा गाभा एखाद्या मोठ्या कचेरीसारखा आहे. चित्राचें खातें निराळें, आवाजाचें खातें निराळें. आवाजाच्या खात्याचें नांव आल्सा. यारोस्लाव्ह किसेला यांनीं १९९८ सालीं तें काम हातीं घेतलें, आणि २००३ अखेरच्या २.६ या आवृत्तीपासून तें गाभ्याचा मुख्य ध्वनिविभाग होऊन बसलें. पडद्याचें ओळखपत्र प्रथम पोंचतें चित्राच्या खात्याकडे, कारण तार त्याची. आवाजाच्या खात्याला तें थेट वाचतां येत नाहीं. म्हणून चित्राचें खातें त्यांतील आवाजापुरता मजकूर उतरून काढतें आणि ती नक्कल आवाजाच्या खात्याकडे धाडतें. नक्कल पोंचली कीं आवाजाचें खातें आपल्या वहींत नोंद करतें: 'एचडीएमआयच्या दारीं ऐकणारा आला आहे.' कानांत घालावयाच्या हेडफोनचा खटका खोंचल्यावर जशी नोंद होते, तशीच ही.

पण नोंद होणें निराळें आणि हुकूम सुटणें निराळें. गाभा केवळ नोंद करतो. आवाज कोठें न्यावा हें तो ठरवीत नाहीं. तें काम गाभ्याबाहेरच्या एका कारभाऱ्याकडे असतें. हा कारभारी म्हणजे ध्वनिसेवक. बरींच वर्षें हें काम लेनार्ट पोटरिंग यांनीं २००४ सालीं आरंभिलेला पल्सऑडिओ करीत असे. पुढें विम टायमन्स यांचा पाइपवायर २०१७ सालीं लोकांसमोर आला. एप्रिल २०२१ मधील फेडोराच्या ३४व्या आवृत्तींत आवाजाचें सारें काम प्रथम त्याच्याकडे सोंपविलें गेलें, आणि मागोमाग इतरांनींहि तोच मार्ग धरला. पाइपवायर आवाज वाहून नेतो. तो कोठें न्यावा याचा सल्ला त्याला बहुधा वायरप्लंबर नांवाचा सोबती देतो. आमचें गाणें अडलें तें याच कारभाऱ्याच्या दफ्तरांत.

तेथें आवाज अडण्याचीं कारणें मुख्यतः तीन आहेत.

पहिलें कारण यंत्राच्या रचनेंतील. पुष्कळ लॅपटॉपांत आंतला स्पीकर आणि एचडीएमआय हीं एकाच ध्वनिपत्त्याचीं दोन अंगें धरलेलीं असतात, आणि तो पत्ता एका वेळीं एकाच 'भूमिकें'त काम करतो. एक तर 'स्पीकर' ही भूमिका, नाहीं तर 'एचडीएमआय' ही. जोंपर्यंत भूमिका बदलत नाहीं तोंपर्यंत टेलिव्हिजनचें नांव आवाजाच्या यादींत दिसतहि नाहीं, आणि मनुष्य बुचकळ्यांत पडतो. ज्या संगणकांत चित्राची स्वतंत्र पत्ती बसविलेली असते, तेथें एचडीएमआयचा आवाज हा वेगळाच पत्ता असतो. त्या ठिकाणीं भूमिका न बदलतां केवळ 'मुख्य मुक्काम' बदलला कीं काम भागतें.

दुसरें कारण सावधगिरीचें. पुष्कळ पडदे 'आम्हांला आवाज घेतां येतो' असें ओळखपत्रावर लिहितात. पण त्यांच्यांत स्पीकर नसतोच, केवळ मागील बाजूस हेडफोनसाठीं एक भोंक असतें. अशा पडद्याकडे आवाज आपोआप गेला तर घरांत एकदम शुकशुकाट होईल! याच विचारानें पल्सऑडिओच्या कर्त्यांनीं, नवें साधन जोडतांच आवाज त्याच्याकडे वळविणारा जो भाग लिहिला, त्याला एचडीएमआयचीं साधनें वगळण्याची सूचना देऊन ठेवली आहे. ज्याला हवें असेल त्यानें ती सूचना काढावी. ही कुचराई नव्हे. एका चुकीच्या भयानें दुसरी चूक पत्करलेली आहे.

तिसरें कारण आमच्या घरचें, आणि तें कळलें तेव्हां आम्ही सारेच ओशाळलों. कारभाऱ्याला स्मरणशक्ति असते. आपण हातानें एखादी निवड केली कीं ती तो लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळीं तीच अमलांत आणतो. दिवाळीपूर्वीं कांहीं दिवस पुतण्यानें एका रात्रीं उशिरां हाच लॅपटॉप याच टेलिव्हिजनला जोडून क्रिकेटचा सामना पाहिला होता. घरचीं माणसें जागीं होऊं नयेत म्हणून त्यानें आवाज टेलिव्हिजनवरून काढून लॅपटॉपच्या स्पीकरकडे वळविला होता. त्याला त्याचा विसर पडला. यंत्राला पडला नाहीं. त्या पहाटे यंत्रानें आमचाच जुना हुकूम इमानानें पाळला!

यावरून उपाय दिसूं लागतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे जी चूक हातानें झाली ती हातानेंच सुधारणें. टेलिव्हिजन जोडावा, आवाजाच्या व्यवस्थेचें पान उघडावें, आणि त्यांत टेलिव्हिजनची निवड करावी. आजच्या कारभाऱ्यांना एवढें पुष्कळदां पुरतें. तार काढली कीं ते लॅपटॉपकडे परततात, आणि पुन्हां जोडली कीं आपली शेवटची इच्छा आठवून टेलिव्हिजनकडे जातात. ही निवड महत्त्वाच्या प्रसंगाच्या आदल्या दिवशीं करावी. पाहुणे येऊन बसल्यावर नव्हे.

एवढ्यानें भागलें नाहीं तर दुसरा उपाय पसंतीचा क्रम बदलण्याचा. वायरप्लंबरच्या दफ्तरांत प्रत्येक मुक्कामाला एक आंकडा दिलेला असतो; ज्याचा आंकडा मोठा त्याचा मान पहिला. साध्या मजकुराच्या एका फाइलींत चार ओळी लिहून टेलिव्हिजनचा आंकडा स्पीकरच्या आंकड्याहून मोठा करतां येतो. मात्र हातानें केलेली निवड या आंकड्यांहूनहि श्रेष्ठ धरली जाते, हें ध्यानांत ठेवावें.

तिसरा उपाय थोडा खटपटीचा, पण जुन्या यंत्रांनाहि लागू पडणारा आहे. लिनक्समध्यें यूडेव्ह नांवाचा एक पहारेकरी असतो. कोणतेंहि साधन आलें किंवा गेलें कीं गाभा त्याला वर्दी देतो. 'चित्राच्या खात्यांत बदल झाल्याची वर्दी आली कीं अमुक एक छोटें टिपण चालवावें,' असा नियम त्याला लिहून देतां येतो. टिपणांत कामें दोनच. पडदा जोडलेला आहे कीं नाहीं हें गाभ्यानें ठेवलेल्या नोंदींतून वाचावयाचें. जोडलेला असेल तर ध्वनिपत्त्याची भूमिका 'एचडीएमआय' करावयाची, नसेल तर 'स्पीकर'.

पुतण्यानें हा प्रयोग करून पाहिला, आणि तो पहिल्या दिवशीं साफ फसला. त्यांत दोन खांचखळगे आहेत. पहारेकरी हा साऱ्या वाड्याचा नोकर. ध्वनिसेवक मात्र ज्या मनुष्यानें संगणक उघडला असेल त्याचा खासगी. वाड्याच्या नोकरानें 'आवाज बदला' असें अंगणांत उभें राहून ओरडलें तर खासगी सेवकास तें ऐकूं जात नाहीं. कोणत्या मनुष्याच्या खोलीचें दार ठोठवावयाचें, तें टिपणांत स्पष्ट लिहावें लागतें. दुसरा खळगा वेळेचा. पडदा आल्याची वर्दी आधीं पोंचते आणि आवाजाच्या खात्याची नोंद मागाहून होते. टिपण त्यापूर्वींच धांवलें तर त्याला एचडीएमआयचें दार बंद दिसतें. एक-दोन सेकंद थांबून मग हुकूम करणें हा त्यावरचा साधा इलाज. याहून नीटस मार्ग म्हणजे ध्वनिसेवक स्वतः ज्या घोषणा करीत असतो त्या ऐकणारें टिपण त्या मनुष्याच्याच हक्कानें चालू ठेवावें. तेथें दारहि शोधावें लागत नाहीं आणि घाईहि होत नाहीं.

आणखी एक लहानशी गोष्ट. कित्येक टेलिव्हिजन बंद केले, किंवा त्यांचा मार्ग दुसऱ्या साधनाकडे वळविला, कीं १९व्या टोंकावरचा होकार ते मागें घेतात. तार जागेवर असते, पण संगणकाला ती काढल्यासारखी वाटते. म्हणून आधीं टेलिव्हिजन चालू करून योग्य मार्गावर आणावा आणि मग आवाजाकडे पाहावें.

हें सारें ऐकून कोणी विचारील कीं, यंत्राला जर एवढें कळतें तर आवाज नेहमींच पडद्यामागें जावा असा एकच नियम प्रणालींत कां घालूं नये? आमच्या घरचाच अनुभव त्यास उत्तर देईल. असा नियम असता तर पहाटेचें गाणें आईला ऐकूं आलें असतें. पण त्या रात्रींच्या सामन्यानें सारें घर जागें झालें असतें. तार एकच, लॅपटॉप एकच, टेलिव्हिजन एकच, आणि दोन प्रसंगीं इच्छा मात्र परस्परविरुद्ध. पडदा कोण आहे हें ओळखपत्र सांगतें; समोर कोण बसलें आहे आणि शेजारच्या खोलींत कोण निजलें आहे, हें त्यांत कोठेंच लिहिलेलें नसतें. तें आपणच सांगितलें पाहिजे. लिनक्समध्यें तें सांगण्यास जागा ठेवलेली आहे, आणि ती कोणत्याहि साक्षर माणसास वाचतां व बदलतां येईल अशा साध्या मजकुराच्या रूपानें आहे, ही मला तिची मोठी सोय वाटते.

आतां आमच्या घरीं व्यवस्था अशी आहे. पुतण्याच्या टिपणांत बैठकीच्या खोलींतील टेलिव्हिजनचें नांव घातलेलें आहे. ओळखपत्रावर तेंच नांव आढळलें तरच आवाज तिकडे जातो. दुसऱ्या कोणत्याहि पडद्याला जोडलें तर आवाज लॅपटॉपमध्येंच राहतो. आणि रात्रीं अकरा वाजल्यानंतर टिपण कांहींच करीत नाहीं. ही शेवटची ओळ माझ्या सांगण्यावरून घातली.

मुलीचें गाणें तेथें कोणी ध्वनिमुद्रित करून ठेवलें होतें. महिन्याभरानें तें आलें. आईला पुन्हां टेलिव्हिजनसमोर बसविलें. पुतण्यानें तार जोडली, आणि हात मागें घेऊन तो उभा राहिला. दोन सेकंद खोलींत कांहींच ऐकूं आलें नाहीं. त्या दोन सेकंदांत मीच अधिक घाबरलों. मग मुलीचा आवाज तिच्या ओठांपाशीं आला. आईनें संपूर्ण गाणें ऐकलें. संपल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या कडव्याला जरा घाई केली पोरीनें. सांगा तिला."

तेंच सायंकाळीं फोन करून मुलीला कळविलें.